देव लांब आहे

भाषाशास्त्र शिकवायला थायलंडला चाललोय म्हटल्यावर आत्याने पोळपाटावरून मान वर केली. “बाबेलच्या बुरुजापाशी देवाने माणसांच्या भाषांचा गोंधळ केला, तो शिक्षा म्हणून. आणि तू त्याचा पगार घेणार?” आमचं घर नगर जिल्ह्यातलं, वडील पाळक; साध्या भांडणालाही बायबलचा दाखला लागतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिसा होता.

उत्तर थायलंडमधल्या त्या विद्यापीठात मुलं पहिल्याच दिवशी मला ‘आचान’ म्हणू लागली. हा आपला आचार्य. माझा विषय ‘फासासात’, म्हणजे प्रवासात झिजलेलं भाषाशास्त्र. पाळकाला तिथे ‘सात्सनाचान’ म्हणतात. इथे तुम्हीही आचार्य आहात, असं मी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “हे जरा आपल्या मंडळीला पत्राने कळव.”

एवढं ओळखीचं संस्कृत भेटल्यामुळे मी गाफील राहिलो. पहिला तास अगदी वडिलांच्या उपदेशाच्या थाटात घेतला: तीन मुद्दे, दर मुद्द्याच्या शेवटी आवाज वर, मग दोन क्षण शांतता. शेवटी विचारलं, समजलं का? मुलगे म्हणाले, “ख्राप!” मुली म्हणाल्या, “खा!” नगरच्या कानाला ‘खराप आहे, पण खा’ असंच ऐकू आलं. वास्तविक हे दोन्ही शब्द आपल्या ‘जी’सारखे, अदबीचे. त्यांचा अर्थ ‘आपलं बोलणं कानावर आलं’ इतकाच. ती समजल्याची पावती नव्हे, हे मला पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना कळलं.

मग मी घरचा माल काढला. एका आवाजाने अर्थ कसा पालटतो हे दाखवायला फळ्यावर ‘काल’ आणि ‘काळ’ लिहिलं, शेजारी उच्चारही लिहिले. आता, थाई माणूस शब्दाच्या शेवटी ‘ल’ म्हणत नाही, त्याचा ‘न’ करतो. फुटबॉलचं तिथे फुटबॉन होतं. अख्ख्या वर्गाने पहिला शब्द वाचला ‘कान’, दुसराही वाचला ‘कान’, आणि माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. शब्बाथ शाळेत मी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणालो की बाई खराखुरा कान पिळायच्या. आमच्या शास्त्रात मात्र ‘पानी’ म्हणणारा माणूस चुकत नाही. त्याच्यापुढे वही उघडून बसायचं असतं. मी वही उघडली. खरं सांगायचं तर हात कानाकडेच जात होता.

कँटीनमध्ये वेगळीच परीक्षा. चर्चमधले लोक उत्साहाने विचारत, “कुठल्या डोंगरी जमातीसाठी बायबलचं भाषांतर करताय?” चर्चला न जाणारे सहकारी तेच आवाज खाली आणून विचारत. ख्रिस्ती माणूस भाषाशास्त्र शिकतो तो भाषांतरासाठीच, हा समज काही हवेतून आलेला नाही. त्या परंपरेने व्याकरणं आणि कोश भरपूर दिलेत. पण मी ‘ळ’वर काम करतो, हे सांगितलं की दोन्ही पक्ष सारखेच हिरमुसत.

माझ्यापुढे आदर्श होता फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढे त्याने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते छापलं गेलं १६१६ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. मला चौथ्या महिन्यातच चर्चमध्ये थाई भाषेतून प्रार्थना करायला उभं केलं. घाई कुणाची म्हणाल, तर माझीच. मीच हात वर केला होता.

थाईत सूर पाच. ‘क्लाय’ सपाट म्हटलं तर ‘लांब’; तेच वरून खाली सोडलं तर ‘जवळ’. दोन टोकांच्या अर्थांना एकच शब्द वाटून देणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. हे सूर मीच वर्गात तक्ता काढून शिकवत होतो. पण प्रार्थनेला उभं राहिलं की गळा वडिलांचा होतो. त्या गंभीर, सपाट आवाजात मी डोळे मिटून तीनदा सांगितलं की देव आमच्यापासून लांब आहे. तिसऱ्यांदा तर आभारही मानले. मंडळी पुऱ्या अदबीने “आमेन” म्हणाली. दारात एका आजींनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, प्रार्थना भिडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरची, चार महिने ‘खा’पलीकडे न गेलेली मुलगी उठली. तिने फळ्यावर दोन्ही ‘क्लाय’ लिहिले, खाली सूर काढले आणि विचारलं, “आचान, तुमचा देव नक्की कुठे राहतो?” क्षणभर कुणी श्वास घेतला नाही. मग मी हसलो, आणि वर्ग फुटला. प्रत्येकाकडे माझी एकेक चूक तारीखवार जमा होती. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

पुढच्या महिन्यात प्रार्थनेची पाळी पुन्हा आली. ‘जवळ’च्या मी वाटेलाच गेलो नाही. देव आमच्या ‘सोबत’ आहे, म्हणून भागवलं. त्या शब्दालाही सूर आहेच. तो चुकला तर काय होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.