टाकीचं पोट

काष्टीत शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. खोंडाचा जबडा उघडून दात बघणारी, रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणारी माणसं लांबलांबून येतात. बैल रवंथ करीनासा झाला तर त्याचं काय बिनसलंय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण घरामागची संडासची टाकी तुंबली, की याच जाणत्यांना ॲसिडच्या बाटलीपलीकडे काही सुचत नाही.

आमची तुंबली तेव्हा तात्या आधी आले. "वत की दोन बाटल्या ॲसिड, भसाभसा उतरंल!" मामींचा जोर खड्यामिठावर. चुलतभावाने श्रीगोंद्याहून जिवाणूंच्या पावडरीची पुडी आणली. तिच्यावर छापलेलं, 'टाकी पुन्हा कधीच उपसावी लागणार नाही.' इतकी छातीठोक भाषा मी फक्त भाकड म्हैस दुभती म्हणून खपवणाऱ्याच्या तोंडी ऐकली आहे. एका पाहुण्यांनी ॲसिडच्या जोडीला ब्लिचिंग पावडर सुचवली. दोन्ही एकत्र आलं की विषारी क्लोरीन सुटतो, असं म्हटलं तर म्हणाले, "मग डासबी मरतील की!"

खरं तर टाकीत जे चालतं ते बैलाच्या पोटातही चालतं. हवा नसलेल्या अंधारात जिवाणू खातात, कुजवतात, मिथेन सोडतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ च्या सुमारासच मैल्यापासून गॅस तयार करत होते. हे सगळं त्या जिवाणूंच्या जिवावर. त्यांच्या अंगावर ॲसिड ओतलं की पचन बंद, वर टाकीचं सिमेंट खाल्लं जातं ते वेगळंच. आजारी बैलाला ॲसिड पाजा म्हणणाऱ्याला तात्यांनी चाबकानं फोडला असता.

बरं, पुडीतले जिवाणू? ते घरातला प्रत्येक जण रोज सकाळी टाकीत फुकट पोचवतोच. ते कितीही राबले तरी तळाशी गाळ साठतो, आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. काही औषधं हा गाळ सुटा करून पुढे ढकलतात. टाकी मोकळी झाली म्हणून आपण खूश, आणि गाळ जाऊन बसतो शोषखड्ड्यात. तो बुजला की नवा खड्डा खणा.

"मग एखादं पोरगं उतरवू आत," तात्या म्हणाले. इथं मात्र मी आवाज चढवला. टाकीतल्या विषारी वायूनं धट्टाकट्टा गडी बघता बघता कोसळतो, आणि २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. तात्या गप्प झाले. पुडी त्यांनी हळूच खिशात घातली. त्यांच्या घरीही टाकी आहे.

शेवटी उपसायची गाडी बोलावली. नेमका शनिवार. बाजारातल्या टेंपोंच्या आणि बैलांच्या गर्दीतून वाट काढत ती दुपारी दारात आली. ड्रायव्हरनं पाइप उलगडला आणि विचारलं, "झाकण कुठंय?"

सगळे फरशीकडे बघायला लागले. तात्या टाचेनं फरशी ठोकत परसभर फिरले आणि तुळशीवृंदावनापाशी थांबले. पोकळ आवाज तिथंच येत होता.

"तुळशीला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "आधी भटजींना विचारा."

ड्रायव्हरनं शांतपणे तंबाखू मळायला घेतली. "विचारा, विचारा. मागच्या घरी तर झाकणावर जिनाच बांधला होता."