अकराशे किलोचा टन

२० मे २०१९ रोजी जगाने किलोची व्याख्या बदलली. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा काचेखाली जपून ठेवलेला होता. त्याच्या जुळ्या ठोकळ्यांशी ताडून पाहिलं तेव्हा काही मायक्रोग्रॅमचा फरक निघाला आणि शास्त्रज्ञांची झोप उडाली. बिचारे! वरूड-काटोलच्या संत्रापट्ट्यात एक चक्कर मारली असती, तर आमच्या टनात अख्खा क्विंटल जास्तीचा बसतो आणि तरीही सगळे गाढ झोपतात, हे त्यांना दिसलं असतं.

ज्याने संत्रा विकलाय त्याला कटती सांगायला नको. काट्यावर अकराशे किलो चढवायचे आणि चिठ्ठीवर एक टन उतरवून घ्यायचा. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘माल वाळते ना, भाऊ.’

वाळतो, खरं आहे. फळ आहे, लोखंड नव्हे. पण संत्रा सकाळी तोडला, दुपारी काट्यावर आला. पुढच्या आठवड्यात परराज्यातल्या कुठल्याशा गोदामात तो जो वाळणार आहे, तो आजच शेतकऱ्याच्या नावावर वाळून मोकळा होतो. शिवाय चुरी आणि डागी फळं आधीच बाजूला निघालेली असतात. त्यांचा भाव वेगळा, म्हणजे जवळपास नाहीच. कटती लागते ती उरलेल्या टवटवीत मालाला. समजा टनाला २५ हजारांचा भाव लागला आणि ११ टन माल गेला, तर पैसे १० टनांचे. म्हणजे एका गाडीत २५ हजार रुपये वाळले. एवढं पाणी एका गाडीतून निघत असेल, तर वरुडात लोक आठशे-आठशे फूट बोअर कशाला मारत बसलेत? गाडीखाली बादल्या लावा.

आता युरियाची गोणी पाहा. २०१८ मध्ये ती ५० किलोंची ४५ किलोंची झाली. किंमत त्या मानाने उतरवली होती, याबद्दल खोटं बोलून चालणार नाही. कारण असं सांगितलं गेलं की शेतकरी खत किलोने टाकत नाही, गोणीने टाकतो. गोणी लहान केली की खत आपोआप कमी पडेल. म्हणजे शेतकऱ्याला वजन कळत नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. त्याच्याकडे येताना गोणी आखडते, त्याच्याकडून जाताना टन फुगतो.

तरी माझा कटतीला विरोध नाही. ती फक्त सगळीकडे लावा. नोकरदारांचा महिना ३३ दिवसांचा करा. माणूस खुर्चीत बसून वाळतोच. बँकेला एक लाखाची परतफेड म्हणून ९० हजार द्या आणि सांगा, नोटा खिशात वाळल्या. पेट्रोल पंपावर दहा लिटरचे पैसे देऊन अकरा लिटर मागा, कारण पेट्रोल तर संत्र्यापेक्षा भराभर उडतं, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सोनाराकडे जा आणि अकरा ग्रॅमचा तोळा मागा. तो हसेल, मग चहा मागवेल, मग वॉचमनला हाक मारेल. हे सगळं वेडेपणाचं वाटतं ना? मग संत्र्याच्या काट्यापाशीच ते शहाणपण कसं होतं? झाड लावल्यावर पाच-सहा वर्षं फळाची वाट पाहायची, मृग बहारासाठी भर मे महिन्यात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि पाऊस लांबला की स्वतःच ताणात जायचं, डिंक्या आणि कोळशीवर फवारायचं, आंबिया बहार झाडावर असताना ऑगस्टात पहाटे उठून खाली पडलेला सडा बघायचा. त्या फळगळीला कोणी कटती धरत नाही. उन्हाळ्यात विहीर आटून अख्खी बाग वाळली, तेव्हाही कोणी म्हणालं नाही की भाऊ, तुझं वाळलं, आमच्याकडून दहा टक्के घे. वाळलेल्या बागांवर कुऱ्हाडच चालली.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ इथलंच, अस्सल, जगात वेगळं, असं कागदोपत्री सिद्ध झालं. तेवढ्यात टनालाही मिळवून टाकायचं होतं. असला टन दुसरीकडे कुठे पिकतो?

कायदा मात्र आहे. दशमान वजनं या देशात १९५८ पासून लागू झाली. फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची, असं २०१६ मध्ये राज्यात ठरलं; पेढे वाटले गेले. पण अडत निदान चिठ्ठीवर छापलेली असायची, तिच्याशी भांडता यायचं. कटती चिठ्ठीवर नसतेच. जे लिहिलंच नाही ते रद्द कसं करणार?

चिठ्ठीवर असते ती हमाली आणि तोलाई. तोलाई म्हणजे मोजण्याची मजुरी. एका दिवाणजीला मी विचारलं, ही तोलाई हजार किलोंवर लावता की अकराशेवर?

‘अकराशेवर,’ तो म्हणाला. ‘काटा तं तेवढाच बोलला ना, भाऊ!’