आजीचा जप, नातवाचा हात

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,


परवा फोनवर तुम्ही नातवाला सांगितलंत, "हात दुखतोय म्हणजे तयार होतोय. रोज दोन तास टाक." तो लगेच बॉल घेऊन बाहेर पळाला. एरवी दूध पी म्हटलं की त्याला मराठी कळत नाही.

बाबा, इथे बेसबॉलमध्ये पिचरचा एकेक बॉल मोजतात. लिटल लीगने २००७ पासून तसा नियमच केलाय. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ची मर्यादा. ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती. ३५वर थांबला तर एकच दिवस, ३६वा टाकला की दोन. त्यामुळे पस्तिसाव्या बॉलला आमच्या कोचचा चेहरा लोकलमध्ये कोपर स्टेशन गेलं तरी दाराशी न पोचलेल्या डोंबिवलीकरासारखा होतो.

मोजणी माझ्याकडे आहे. आई इथे विसरून गेली ते फडके रोडवरचं जपाचं काउंटर मी बोटात घालून बसते. बॉल सुटला की टिक. समोरच्या संघाच्या बाईंनी दोनदा विचारलं, कुठे मिळतं म्हणून. आईला सांगा, त्यावर तिचा ८,४१२ जप झाला होता. शून्यावर आणण्याआधी वहीत लिहून ठेवलाय, पुढे तिथून सुरू कर म्हणावं.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, कारण हाड अजून वाढतंय. जोरात फेकलं की नेमकी तिथेच ओढ बसते. विश्रांती नसेल तर सूज येते, कधी तो तुकडा हाडापासून सुटूही लागतो. मोठ्या वयात तोच ताण लिगामेंटवर येतो. टॉमी जॉन नावाच्या पिचरचं ते तुटलं, तेव्हा १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायूचा दोर काढून कोपरात बसवला. पठ्ठ्या १९८९पर्यंत खेळला! झालं, आता काही आईबापांना वाटतं, ऑपरेशन केलं की हात आणखी जोरात चालतो.

"आमच्याकडे कोण मोजत होतं?" म्हणालात. खरंय. जानेवारी २०१६मध्ये कल्याणात शाळेच्या क्रिकेट सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा तुम्ही जिन्यात पेढे वाटलेत. त्याच्या शाळेच्या ९४ षटकांत १४६५ धावा झाल्या. म्हणजे वाइड-नोबॉल सोडून ५६४ चेंडू. ते टाकणाऱ्या पोरांच्या खांद्यांची चौकशी कोणी केली? रात्री आयांनी तेल चोळलं असेल, तेवढीच.

इथेही पळवाटा आहेतच. शनिवारी एका संघातून टाकायचं, रविवारी दुसऱ्यातून. दोन्हीकडच्या वह्या स्वच्छ. हात मात्र एकच.

वर्षातून निदान चार महिने फेकणं बंद ठेवा, असा इथल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा ती सुट्टी चालू असेल. सोसायटीतल्या पोरांपुढे "आमचा अमेरिकेचा फास्ट बॉलर" म्हणून त्याच्या हातात बॉल देऊ नका. बॅट द्या. तळमजल्यावरच्या काकूंच्या काचेचं काय ते तुम्ही बघून घ्या.

तुमची,
वैशू