आचाऱ्यांचे आभार: एक तौलनिक प्रबंध

लालबागच्या एखाद्या मंडळाने वार्षिक अहवालात आभार मानले, ते आचाऱ्यांचे की आचार्यांचे? महाप्रसाद रांधणारा कोण आणि वेदान्त सांगणारा कोण, हे विन्डोज कोणत्या सालची आहे यावर ठरते, असे आमचे प्रमेय आहे. विद्यापीठांनी विषयाची उपेक्षा केल्याने तो आम्हालाच हाती घ्यावा लागला.

पूर्वपक्ष: हा प्रश्न पूर्वी नव्हता. मान्य. जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथला शिशाचा खिळा मुंबईत उमटे तसाच काशीतही उमटे. 'हा खिळा तुमच्या कागदावर चालणार नाही, आधी नवा कागद बसवा' असे कोणी कोणाला सांगितल्याची नोंद नाही.

उत्तरपक्ष: आज दादर-परळच्या डीटीपीवाल्याकडे नवा फॉन्ट आला की तो तीन यंत्रांवर चालवून पाहावा लागतो. दारालगत विन्डोज 10, मध्ये विन्डोज 7 आणि आत, पंख्याखाली, एक्सपी. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी एक्सपीची देखभाल थांबवली. दुकानाने थांबवलेली नाही. वर्गणीच्या पावतीपुस्तकांच्या जुन्या फाइली पेजमेकरमध्ये आहेत आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मजकूर दरवर्षी तोच, फक्त साल बदलायचे, एवढ्यासाठी नवे कोण जुळवणार?

परीक्षेसाठी आम्ही एक वाक्य सिद्ध केले आहे: 'ॲडव्होकेट अध्यक्षांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शेवटच्या लाडवाबद्दल आचाऱ्यांचे आभार मानले.' अर्थाकडे लक्ष देऊ नये.

एक्सपीवर कंट्रोल पॅनलमधली गुंतागुंतीच्या लिप्यांची चौकट टिक करून मूळ सीडी घातलेली नसेल, तर 'दिवशी'ची पहिली वेलांटी 'द'च्या उजवीकडे जाऊन बसते. सीडी घातली की ती जागेवर येते. (सीडी नेमकी कोणाकडे असते, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) तरीही 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन उरतो. यात एक्सपीला दोष देणे अन्यायाचे होईल. ते 2001चे, युनिकोडमध्ये 'ॲ' आला 2008 साली.

खरा पेच आचाऱ्यांचा. पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत खाली नुक्ता असलेला 'ऱ' घेतात. दुसरीत साधा र, त्याला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडक. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, प्रुफात दिसत नाही, आणि मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना वाटेत गळला, तर र उडी मारून 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. त्या क्षणी स्वयंपाकी आचार्य होतो. तेव्हा आमच्या प्रमेयाला उपप्रमेय जोडणे भाग आहे: दोष निम्मा विन्डोजचा, निम्मा टाइप करणाऱ्याच्या बोटांचा. नुक्त्याचा 'ऱ' वापरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते अद्याप कोणी विचारलेले नाही.

विन्डोज 10वर सगळे जागेवर असते, म्हणूनच तिथे वाद सुरू होतो. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला. र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगल फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. मंडळाचे सल्लागार निवृत्त शिक्षक असले, तर 'लाडू' आणि 'शेवट' दोन्ही तांबड्या शाईत परत येतात.

या सर्व मतमतांतरांवर धंद्याने काढलेला तोडगा म्हणजे 'कर्व्ह करून पाठवा'. कर्व्ह केले की अक्षराचे चित्र होते आणि चित्राला कोणतीही विन्डोज चालते. पद्धत निर्दोष आहे. फक्त छपाईच्या आदल्या रात्री चिटणिसांचा फोन येतो, "दादा, अध्यक्ष बदललेत, तेवढं नाव टाकून घ्या." आणि नवे अध्यक्षही वकीलच निघतात.