कालव्याकाठचे घर, खारघरच्या माहितीसाठी

ॲमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्ट या कालव्यावर, सतराव्या शतकातल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरचे घर विकायला आहे. क्षेत्रफळ ७४ चौरस मीटर, म्हणजे ७९६ चौरस फूट, आणि हा सगळा कार्पेट. जिना, लॉबी आणि बिल्डरचा आशावाद त्यात मोजलेला नाही. इमारत साडेतीनशे वर्षांची, स्वयंपाकघर गेल्या वर्षीचे. मागणी साडेसात लाख युरो. रुपयांत हा आकडा साडेसात कोटींच्या आगेमागे जातो. तो काकांना जेवणानंतर सांगावा, नाहीतर त्यांनी खारघरचा फ्लॅट उत्सव चौकात रिक्षासुद्धा येत नव्हती तेव्हा कितीला घेतला, ही कथा पहिल्या अध्यायापासून सुरू होईल.

घर पाण्यात आहे का, असे माईने फोनवर तीनतीनदा विचारले. घर पाण्यात नाही, लाकडावर आहे. या शहराची जमीन वरून दलदलीची, पक्की वाळू लागते ती सुमारे १२ मीटर खाली, त्यामुळे जुन्या इमारती तिथवर ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत. दाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. इथल्या शाळेत हा आकडा पाठ करून घेतात: वर्षाचे दिवस ३६५, आधी एक, शेवटी नऊ. नातवाला तो पाठ आहे. बाराचा पाढा मात्र अजून अडतो, हे नानांनी ऐकले नाही असे समजावे.

हे लाकूड पाण्याखाली बुडालेले असेल तोवर शेकडो वर्षे टिकते. जमिनीतले पाणी उतरले, खांबाच्या डोक्याला हवा लागली, की ते कुजू लागते. म्हणजे खारघरला नळाला पाणी आले का म्हणून सकाळी उठून बघावे लागते, तर इथे पायाला पाणी आहे का म्हणून तज्ज्ञाचा अहवाल मागवावा लागतो. पाया नव्याने करायचा झाला तर लाखभर युरो सहज जातात आणि तो खर्च इमारतीतल्या सगळ्या घरमालकांनी मिळून सोसायचा असतो. वर्गणी निघाली की जिन्यात एकमेकांची नजर चुकवणारी माणसे इथेही आहेत. २०२० मध्ये ग्रिमबुर्गवाल या कालव्याची काठाची भिंत पाण्यात कोसळली होती. नानांनी पत्र मोठ्याने वाचताना हे वाक्य गाळावे.

जमिनीच्या मालकीबद्दल नानांना विशेष उत्सुकता होती. सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची, म्हणून त्यांना खारघरचे घर कधी पुरते आपले वाटलेच नाही. परदेशात तरी असला प्रकार नसेल, असा त्यांचा समज. ॲमस्टरडॅम नगरपालिकेने हाच प्रकार १८९६ मध्ये सुरू केला, म्हणजे सिडको जन्मायच्या ७४ वर्षे आधी. फक्त कालव्यांचा हा जुना भाग त्याआधी वसलेला असल्याने इथली बहुतेक जमीन मालकीची आहे. किमतीत तेही धरलेले असते.

आता खिडकीविषयी. इमारत राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेली आहे आणि सगळा कालवेपट्टा २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्यामुळे खिडकीची चौकट बदलायची, तिला वेगळा रंग द्यायचा, एकेरी काच काढून दुहेरी बसवायची, तर आधी परवानगी. काच एकेरी असल्याने जानेवारीत खिडकीशेजारी बसलेल्या माणसाच्या हातातला चहा दुसऱ्या घोटाला गार होतो. दलालाने यालाच ऐतिहासिक वातावरण म्हटले.

खारघरला बाल्कनी बंद करून खोली न केलेला माणूस शोधावा लागतो. तळमजल्यावरच्या काकूंनी तर ग्रिल एवढी पुढे काढली आहे की तुळस त्यांची आणि फांद्या सोसायटीच्या. त्यांना इथे आणून उभे करावे आणि अर्ज भरायला द्यावा, अशी इच्छा या घरात सर्वांची आहे. काकूंच्या मुलाचे लग्न मोडले नाही, फक्त हॉल बदलला, हे कळून बरे वाटले. दाराला तोरण बांधायला परवानगी लागत नाही, एवढे विचारून झाले आहे.

नूतनीकरणाचा सगळा जीव स्वयंपाकघरात ओतलेला आहे. ते दिवाणखान्याला उघडे, गॅस काढून टाकलेला, इंडक्शनची काळी काच, त्यावर शोभेची दोन लिंबे. धुराचा अलार्म १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात सक्तीचा आहे. सध्याच्या भाड्याच्या घरातला अलार्म मोहरी तडतडण्यापर्यंत सहन करतो, लाल मिरची पडली की ओरडतो. पार्सलमधली भाजणी आणि मेतकूट सुखरूप पोचले. मिरच्या जपून वापरण्यात येत आहेत. मेतकूटभात झाला त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

लिफ्ट नाही. जिना इतका उभा की उतरताना तोंड भिंतीकडे करून, कडेचा दोर धरून यावे लागते. सामान जिन्याने जातच नाही. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर तुळई आणि हुक आहे, त्याला दोर लावून कपाट बाहेरून ओढतात आणि खिडकीतून आत घेतात. कपाट आपटू नये म्हणून कित्येक इमारतींची दर्शनी भिंत मुद्दाम किंचित पुढे झुकवलेली असते. ताईच्या लग्नातले गोदरेजचे कपाटही असे वर नेता येईल. नानांना नेता येणार नाही. त्यांच्या गुडघ्यांना हा जिना जमेल का, हे कोणत्याही जाहिरातीत दिलेले नसते आणि इथे प्रत्येक घर आधी त्याच मापाने मोजले जाते. माईची खाट मात्र मागच्या खोलीत नीट बसते. मोजून पाहिले. पांडवकड्याचा फोटो मिळाला, तो फ्रिजवर लावला आहे. त्याचा या घराच्या माहितीशी संबंध नाही.

खरेदीची रीत अशी: इच्छुकांनी आपापली बोली गुप्तपणे द्यायची. ती बहुधा मागणीहून चढी असते. कर्ज घराच्या मूल्यांकनापुरतेच मिळते, वरची बोली स्वतःच्या खिशातून. सही झाल्यावर घेणाऱ्याला कारण न सांगता माघार घ्यायला तीन दिवस मिळतात, हा कायदा २००३ चा. मग नोटरी आणि स्वतः राहायला घेतलेल्या घरावर किमतीच्या दोन टक्के कर. बायकोच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मिळते तशी एक टक्का सवलत इथे नाही, हे वहिनीला कळवावे.

या घरावर बोली लावलेली नाही. पुढच्या रविवारी शहराच्या उत्तरेकडचे एक घर पाहायचे आहे. ते १९९० नंतरचे, कालव्यापासून लांब, भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आणि लिफ्टचे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पुन्हा राजीनामा दिला असेल तर तो नानांनी स्वीकारू नये आणि त्या जागी स्वतः तर मुळीच उभे राहू नये.