थोरल्याचा अर्धा वाटा

2016 साली आयफोन 7 मधलं हेडफोनचं भोक गेलं, मग एकेक करून बाकीच्या फोनमधलंही गेलं, आणि आमच्या सोसायटीत एका नव्या ज्ञानशाखेचा उदय झाला. भोक होतं तोवर त्याच्या मागे काय चालतं याची चौकशी कोणी केली नव्हती. पिन खुपसली की भीमसेन सुरू, एवढं पुरे होतं. भोक गेल्यावर कळलं, की मागे एक चिप बसलेली असायची आणि ती आकड्यांचा आवाज करून द्यायची. तिला डॅक म्हणतात. आता हा डॅक फोनच्या पोटातून बाहेर येऊन यूएसबी-सीच्या शेपटाला लोंबू लागला. आणि जी गोष्ट उघड्यावर आली तिच्याबद्दल कोथरूडमध्ये मत असावंच लागतं.

आमच्या इमारतीत ही जबाबदारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी उचलली. काकांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात, मायक्रॉनच्या हिशेबात गेली. घरात फर्निचरचं काम निघालं तेव्हा सुतार पाणसळ लावून गेला की काका स्वतःची पाणसळ लावत, आणि मग दोन्ही पाणसळी एकमेकींवर ठेवून बघत. अशा माणसाच्या हाती ‘केयिन आरयू6’ नावाची जेमतेम अडीच इंचांची डबी पडली. तिला एका बाजूला यूएसबी-सी, दुसऱ्या बाजूला हेडफोनची दोन भोकं. एक नेहमीचं साडेतीन मिलिमीटरचं, दुसरं 4.4 मिलिमीटरचं. दुसऱ्यात घरातली कुठलीच पिन बसत नाही, त्यामुळे ते जास्त चांगलं असणार असं आम्ही धरून चाललो.

“हिच्यात डॅकची चिप नाही,” काका आवाज खाली आणून म्हणाले. “शिडी आहे. आर-टू-आर.”

ही शिडी समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्याची वाटणी जवळून पाहिलेली असली तरी भागतं. समजा सोळा भाऊ आहेत. थोरल्याला निम्मा वाडा. दुसऱ्याला त्याच्या निम्मा, म्हणजे पाव. तिसऱ्याला दोन आणे, चौथ्याला एक आणा, असं करत सोळाव्याच्या पदरात वाड्याचा 65,536वा भाग पडतो. बहुधा जिन्याखालची खुंटी. सीडीवरचा एकेक नमुना सोळा अंकांचा, म्हणजे सोळा बिटांचा असतो, प्रत्येक अंक शून्य किंवा एक. ज्याच्या नावावर एक आला त्या भावाने आपला वाटा पुढे टाकायचा, शून्य आला त्याने गप्प बसायचं. टाकलेल्या वाट्यांची बेरीज म्हणजे त्या क्षणीचा विजेचा दाब. हे सेकंदाला 44,100 वेळा केलं की किशोरीताई गाऊ लागतात. आणि एवढ्या वाटणीला रेझिस्टर लागतात फक्त दोन किमतींचे: एक आर, दुसरा त्याच्या दुप्पट. ते शिडीसारखे जोडत गेलं की प्रत्येक पायरीवर निम्मं-निम्मं आपोआप होत जातं. तलाठी नको, कोर्ट नको.

भांडण लागतं ते थोरल्याच्या मोजणीत. वाड्याचे 65,536 तुकडे धरले तर थोरल्याचे 32,768. त्याच्या रेझिस्टरमध्ये हजारात एक एवढीच चूक असली (आणि बाजारात एवढी चूक चांगल्या मालात गणतात), तरी जवळजवळ 33 तुकडे इकडचे तिकडे होतात. आता शेवटच्या पाच भावांचे वाटे एकत्र करा: 16, 8, 4, 2 आणि 1. बेरीज 31. म्हणजे धाकट्या पाचांचे पाचही संसार थोरल्याच्या टेपच्या ढिलाईत मावतात. हे वाचून ज्यांना घरचं काही आठवलं त्यांनी वकील गाठावा. डॅकवाल्यांनी लेझर गाठला. बर-ब्राउन कंपनी आपल्या चिपमधले रेझिस्टर लेझरने खरवडून नेमक्या किमतीला आणत असे. दुसरीकडे, 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हा, फिलिप्सने आपल्या पहिल्या प्लेअरमध्ये सोळा बिटांचा हट्ट सोडून चौदा बिटांचीच चिप घातली आणि उरलेली कसर जास्त वेगाने चालवून भरून काढली. सोळा भावांची खरी चिप त्यांनी 1985च्या सुमारास आणली. हल्लीच्या शिड्या तर चोवीस बिटांच्या असतात. त्या वाड्याचे 1,67,77,216 तुकडे होतात. चोविसाव्या भावाला भिंतीवरच्या चुन्याचा एक पोपडा मिळतो, आणि त्याचंही वेगळं प्रॉपर्टी कार्ड निघतं.

ही कटकट नको म्हणून जगाने 1990च्या दशकात दुसरी वाट धरली. तिचं नाव डेल्टा-सिग्मा. तिच्यात पायऱ्या मोजक्याच, पण चिप त्यांच्यावर सेकंदाला लाखो वेळा वर-खाली पळते, इतक्या झपाट्याने की सरासरी बरोबर यावी. या पळापळीतून उठणारी खरखर गणित करून माणसाच्या कानापलीकडे ढकलून देतात आणि मग गाळून टाकतात. अचूक रेझिस्टरची रांग लागत नाही, लेझर लागत नाही, सगळं सिलिकॉनच्या कणात मावतं. ॲपलची अमेरिकेत 9 डॉलरला मिळणारी ती पांढरी शेपटी याच पद्धतीची, आणि यंत्राने मोजायला गेलं तर तिच्या आवाजातली विकृती भल्याभल्या महागड्या शिड्यांपेक्षा कमी भरते. काकांना हे मान्य आहे. यंत्राच्या आकड्यावर अविश्वास दाखवणं त्यांच्या संस्कारात नाही. फक्त ते म्हणतात, “बरोबर येतं रे, पण कसं येतं ते दिसत नाही.”

या वाक्यात सगळं आलं. शिडीची मोहिनी कानातली नाहीच, ती समजण्यातली आहे. डेल्टा-सिग्मा समजून घ्यायला दोन सत्रांचं गणित लागतं आणि शेवटी ‘विश्वास ठेवा’ असंच सांगितलं जातं. शिडी एका चहात समजते. शिवाय दुसऱ्या चहात दुसऱ्याला समजावता येते, आणि कोथरूडमध्ये एखाद्या वस्तूची खरी किंमत तिथेच ठरते.

काकांनी एक शिडी घरीही बांधली. तापकीर गल्लीतून दहा हजार ओहमच्या रेझिस्टरची पाकिटं आणली. दुप्पट किमतीचे वेगळे घेतले नाहीत, कारण दहाचे दोन ओळीने जोडले की वीस होतात आणि सगळा माल एकाच घाण्यातला राहतो. आठ बिटांना असे 25 रेझिस्टर लागतात. ते निवडायला काका जेवणाच्या टेबलावर मल्टिमीटर घेऊन बसले. एकेक रेझिस्टर चिमट्यात धरायचा, बोट लागू द्यायचं नाही कारण बोटाच्या उबेने आकडा हलतो, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, आणि तो जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून रेझिस्टर आकड्यापाशी चिकटपट्टीने लावायचा. पोहे निवले. मी विचारलं, “काका, तुमचा मल्टिमीटर तरी तेवढा अचूक आहे का?” काकांचा चेहरा उजळला, या प्रश्नाची ते सकाळपासून वाट बघत असावेत. म्हणाले, “नसू दे! किती आहेत याला महत्त्व नाही. सगळे सारखे हवेत. मीटर चुकला तर सगळ्यांना सारखाच चुकेल.” आठ बिटांत 256 पायऱ्या. त्यातून भीमसेन ऐकले तेव्हा मागे सतत कोणीतरी पोहे फोडणीला टाकतंय असं वाटत होतं. काका मात्र डोळे मिटून बसले होते. माझ्या मते ते गाणं ऐकत नव्हते, वाटणी ऐकत होते.

आता कानाचं बघू. सोळा बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे 96 डेसिबल. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठरवली आहे. कोथरूड ती पाळतं असं क्षणभर गृहीत धरू (ललितलेखात एवढी मुभा असते). साध्या, उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये सोळाव्या भावाचं बोलणं त्या गोंगाटाच्या वर यायचं, तर थोरल्याला 45 अधिक 96, म्हणजे 141 डेसिबलने ओरडावं लागेल. तेवढ्यात कान जातो. हे झालं रात्रीचं. दिवसा पौड रस्ता आहे, वनाजकडे जाणारी मेट्रो आहे, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आहे, आणि गणपतीच्या आधी म्हात्रे पुलाखाली ढोल-ताशा पथकांचा सराव. धाकट्या चार-पाच भावांना कोथरूडमध्ये आजवर कोणी ऐकलेलं नाही.

काका ऐकतात काय, तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78च्या तबकड्या. त्या तबकड्यांची मजल ढोबळ 30-40 डेसिबल, म्हणजे शिडीच्या चोवीस भावांपैकी वरचे सहा-सात कामाला आणि खालचे सतरा-अठरा घरी बसून पगार खातात. “पण ते असावेत,” काका म्हणतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यापुढे काय सांगणार?

खाँसाहेबांचं नाव निघालं म्हणून सांगतो, कानाला जेमतेम कळणाऱ्या फरकांवर भांडायची आपली परंपरा शिडीहून जुनी आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचं गणित मांडणारं इंग्रजी पुस्तक 1910 मध्ये पुण्यातच छापलं. क्लेमेंट्स नावाच्या गोऱ्या सनदी अधिकाऱ्याला त्याचा नाद लागला, खुद्द खाँसाहेबांच्या गळ्यावर मोजमापं झाली, आणि श्रुतींची हार्मोनियम बनवली गेली. त्यावरून वाद झाले. पुढे 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. आक्षेप दोन: पट्ट्यांचे सूर पक्के बांधलेले, आणि दोन सुरांमधून घसरत जाणारी मींड या पेटीला येत नाही, ती पायऱ्यांनीच चढणार. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली, तेव्हाही श्रोत्यांत दोन तट होतेच.

आणि आता गंमत बघा. काकांच्या डबीत ‘नॉस’ नावाची एक सोय आहे. साधारणपणे डॅक दोन नमुन्यांच्या मध्ये हिशेबाने जादा नमुने भरतो, त्यामुळे पायऱ्या घासल्या जाऊन रेष गुळगुळीत होते. नॉस लावला की हे भरणं बंद. नमुना आला तसा, पुढचा येईपर्यंत तिथेच सपाट. चक्क पायऱ्या! शिडीचे भक्त यालाच खरा, नैसर्गिक, अस्सल आवाज म्हणतात. म्हणजे पेटीला मींड येत नाही म्हणून आयुष्यभर नाक मुरडणारे आमचे काका हेडफोन कानाला लावून निवांतपणे सपाट पायऱ्यांची आराधना करतात. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “पायऱ्या सेकंदाला 44,100 आहेत. तुझ्या पेटीवाल्याला सांग तेवढ्या पट्ट्या घालायला.”

नॉसच्या ‘उबदार’पणाचं कारणही गणितातच आहे. सपाट पायऱ्यांमुळे 20 किलोहर्ट्झपाशी आवाज सुमारे 3 डेसिबलने पडतो. काकांचा कान त्याच्या कितीतरी खालीच संपतो. सत्तरीच्या कोणाचाही संपतो. जिथे त्यांना ऐकू येतं तिथे ही घट एक डेसिबलसुद्धा नाही. ऊब जिथे आहे तिथे काका नाहीत.

शेवटी चाचणी ठरली. काकांच्या नियमाने आधी त्यांची डबी आणि ॲपलची शेपटी यांचा आवाज मल्टिमीटरने समान केला, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच ‘जास्त खुला’ वाटतो, आणि काकांच्या मते निम्म्या समीक्षा तेवढ्यावरच लिहिल्या जातात. अदलाबदल करायचं काम माझ्या बायकोकडे होतं. ती वर्तमानपत्राच्या आडून वायरी बदलत होती. काका दर वेळी ठामपणे ‘शिडी’ किंवा ‘शेपटी’ म्हणत होते, आणि नाणं उडवून जेवढं बरोबर आलं असतं तेवढं बरोबर आलं.

“काका, मग ही परत करायची का?” बायकोने विचारलं. तिच्या आवाजात कीव नव्हती; हिशेब होता.

“अगं, परीक्षा देताना कोणी गाणं ऐकतं का?” काका म्हणाले. आणि ते नेहमी करतात तेच त्यांनी केलं: सोनारी भिंग काढलं, इंटरनेटवर मिळालेला डबीच्या आतल्या पट्टीचा फोटो टॅबवर मोठा केला, आणि ओळीने बसवलेले ते मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे रेझिस्टर बायकोला वरून खाली दाखवायला लागले. “हा थोरला. हा त्याच्या निम्मा.” फोटो बोटांनी मोठा होत असताना भिंग कशाला, हे तिने विचारलं नाही. “मग मधला कोण?” असं तिने विचारलं, आणि चहा पुन्हा ठेवावा लागला.

तुम्हाला पोर्टेबल डॅक घ्यायचा असेल तर माझं सांगणं सरळ आहे. आधी पैसे हेडफोनवर घाला. दोन हेडफोनमधला फरक चाचणी न घेताही कळतो. डॅक म्हणून साधी शेपटी चालेल, ती मोजमापात पक्की असते. एवढं करून पैसे उरले आणि तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगायची आवड असेल, तरच शिडी घ्या. समजावून घ्यायचं असेल तर घेऊच नका. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर या, फुकट होईल. फक्त चहाच्या वेळी येऊ नका, कारण मग दुपार तिथेच जाते.