डोळ्यांखाली अर्धा लिटर

महिलांच्या डब्यात औषधपाण्याचा सल्ला फुकट मिळतो आणि तो नको म्हणायची सोय नसते. आमच्या कोपरला फक्त स्लो गाड्या थांबतात. डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत दारातून आत सरकायला मिळालं तरी त्या दिवसाचं नशीब चांगलं म्हणायचं. अशा गर्दीत आपला चेहरा समोरच्या बाईच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. इतक्या जवळून तर आपण आरशातही स्वतःला बघत नाही. त्यामुळे दिवा गेलं की ती म्हणतेच, "झोप होत नाही का गं? डोळ्यांखाली केवढं काळं आलंय! गार दुधाचे बोळे ठेव. आठ दिवसांत फरक."

आठ दिवस हे घरगुती उपायांचं ठरलेलं माप आहे. सात नाही, नऊ नाही. लगेच शेजारची सुचवते, नुसत्या दुधानं काय होणार, बटाट्याचा रस घाल त्यात. तिसरीचं मत सायीला. चौथी खिडकीशी डोळे मिटून बसलेली असते. ती डोळे न उघडताच बदामाच्या तेलाच्या बाजूनं कौल देते. ठाणं येईपर्यंत अख्खं औषधाचं दुकान मांडून झालेलं असतं. सल्ला देणाऱ्या चौघींच्याही डोळ्यांखाली तेच काळं असतं, एखादीच्या माझ्याहून गडद. पण ते बोलून दाखवायचं नसतं. उद्या हिनंच सरकून चौथी सीट द्यायची असते.

दूध डोळ्यांवर ठेवायचं तर आधी ते घरातून काढावं लागतं आणि खरी अडचण तिथे आहे. आमच्या घरात सकाळी येणाऱ्या पिशवीवर पोहोचण्याआधीच हक्क लागलेले असतात. दोन चहा, एकाचं दूध-पोळी, रात्रीच्या विरजणाचं, आणि अचानक कुणी आलं तर असावं म्हणून राखलेलं कपभर. सायीची गोष्ट तर त्याहून नाजूक. मराठी घरात साय कुणा एकाची नसते. ती फ्रिजमधल्या स्टीलच्या डब्यात जमत असते. तिचं विरजण, त्याचं लोणी, लोण्याचं तूप, असा तिचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. सासूबाईंना त्या डब्याची पातळी पाठ आहे. त्यातली चमचाभर साय गालाला लावणं म्हणजे होणाऱ्या तुपाला हात घालणं. त्या रागावत नाहीत. जेवताना एवढंच म्हणतात, "या खेपेला तूप कमीच निघालं नाही का."

त्यातून आमचं दूध टोन्ड. नियमाप्रमाणे त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. टोन्ड दुधावरची साय उचलावी तर बोटाला लागून संपते. डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. कल्याणच्या दूधनाक्याकडून एखाद्या दिवशी म्हशीचं सुटं दूध आलं तर मात्र साय अशी धरते की सुरी लावावी. पण त्या दिवशी घरात बासुंदीचा विषय निघतो. डोळ्यांचं नाव कोण काढणार?

"आजीच्या काळापासूनचा उपाय" असं या बोळ्यांबद्दल सांगतात. कुठल्या आजीच्या, ते एकदा विचारायला हवं. माझी आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. आरे वसाहत उभी राहिली १९४९ मध्ये, आणि पुढे कितीतरी वर्षं मुंबईत आरेचं दूध कार्डावर मिळायचं. पहाटे केंद्रावर रांगेत उभं राहायचं, रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. ऑपरेशन फ्लडला १९७० साली सुरुवात झाली आणि त्यानंतर हळूहळू दुधाची चणचण सरली. रांगेत उभं राहून आणलेलं दूध कापसावर ओतून डोळ्यांवर ठेवते म्हटलं असतं, तर आजीनं आधी माझी दृष्ट काढली असती. चाळीतल्या आजीचा हा उपाय नव्हे. तो वाड्यातल्या, गोठ्यात दोन म्हशी असलेल्या आजीचा असेल. किंवा रोमच्या राणीचा. नीरो बादशहाची बायको पॉपिया गाढविणीच्या दुधानं आंघोळ करायची आणि प्रवासाला निघताना पाचशे गाढविणी सोबत घ्यायची, असं प्लिनीनं लिहून ठेवलंय. पाचशे गाढविणी कोपरच्या फलाटावर मावायच्या नाहीत. मालडब्यात तर आधीच भाजीच्या पाट्या असतात.

आता दुधात असं आहे तरी काय? गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून आपण त्याच्याशी भांडतो आणि गाईनं मुळातच घातलेलं पाणी औषध म्हणून डोळ्यांवर ठेवतो. उरलेल्यात स्निग्धांश, प्रथिनं आणि दुधातली साखर. ज्याच्या जिवावर दुधाची सौंदर्यशास्त्रात कीर्ती झाली ते लॅक्टिक आम्ल ताज्या दुधात जवळजवळ नसतंच. स्वीडनच्या शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ते १७८० मध्ये सापडलं, तेही आंबलेल्या दुधात. कातडीच्या क्रीममध्ये ते मोजूनमापून घालतात, आणि डोळ्याजवळ ते जपूनच वापरायचं असतं. म्हणजे आम्लच हवं असेल तर दूध आंबू द्यायला हवं. पण आमच्याकडे दूध बिघडलं की त्याचं पनीर होतं. तेव्हा दूध लावून डोळ्यांखालचं काळं जातं, या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. मी कोपरची असल्यामुळे कोपराला लावलेला गूळ लांबून ओळखते.

शिवाय ते काळं नक्की कसलं आहे, हे कुणी बघतच नाही. डोळ्यांखालची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातडीपैकी. आतल्या शिरा तिच्यातून निळसर दिसतात. कुणाच्या कातडीतच तिथे रंग जास्त असतो, आणि आईला असतो म्हणून मुलीला असतो. तो कितीही झोपलं तरी जात नाही. कुणी सर्दीच्या किंवा खाजेच्या त्रासानं सतत डोळे चोळतं, त्यानं रंग वाढतो. आणि वय वाढलं की डोळ्यांखाली जरा खोलगट होतं. त्या खळग्यात पडते ती चक्क सावली. उजेडाकडे तोंड करून आरशात बघितलं की ती पुसट होते. डब्यातले दिवे बरोबर डोक्यावर असतात, म्हणजे निदान होतं तेच मुळी सर्वांत वाईट उजेडात! त्या उजेडात मधुबालासुद्धा जागरण केल्यासारखी दिसली असती.

तरीही बोळ्यांनी बरं वाटतं, हे मी नाकारणार नाही. गार काही ठेवलं की तिथल्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, सूज उतरते, तासाभरासाठी चेहरा ताजा दिसतो. हे काम फ्रिजमधलं पाणीही करतं, गार चमचाही करतो. पण पाण्यात एक उणीव आहे, आणि तिच्यामुळेच दूध माझ्या मनातून पुरतं उतरलेलं नाही.

संध्याकाळी सातला घरी आलेली बाई पलंगावर नुसती आडवी झाली, तर पाच मिनिटांत तीन माणसं येऊन विचारतात, "काय गं, बरं नाही का?" बरं नाही म्हटलं तर काढा येतो. बरं आहे म्हटलं तर काम येतं. पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवली तर ताप आहे का म्हणून कपाळाला हात लागतो. पण दुधाचे बोळे ठेवले की घराचा सूरच बदलतो. बोळे ठेवलेली बाई ही उपचार चालू असलेली बाई आहे. तिला उठवलं तर बोळे पडतील, दूध वाया जाईल. आणि दूध वाया घालवणं आपल्याकडे पाप आहे. त्या चार चमच्यांच्या धाकानं घर दहा मिनिटं गप्प बसतं. टीव्हीचा आवाज कमी होतो. नवरा डबा धुवायला स्वतःहून काढतो. डोळे मिटलेले असल्यामुळे फोन बघता येत नाही, हा आणखी एक फायदा. दुधातला गुण कुठला असेल, तर तो हा आहे.

दहा मिनिटांनी मात्र सगळं भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आमच्या डब्यात उभ्या असलेल्या दोघींत एक धरा. रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो आणि डोळ्यांखालचं काळं उठून दिसतं. गंमत अशी, की इथे दूध पोटातूनही मदत करत नाही. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. ती लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. आपल्याकडे गोळी म्हटली की हात आपोआप दुधाच्या पेल्याकडे जातो, म्हणून सांगितलं.

तेव्हा बोळे ठेवायचेच असतील तर तापवून फ्रिजमध्ये गार केलेलं दूध घ्या, टोन्डही चालेल. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर हात लावू नका. डोळ्यांच्या आत जाऊ देऊ नका आणि नंतर पाण्यानं धुवा, नाहीतर उशीला मुंग्या लागतात. एकाच डोळ्याखाली अचानक काळं किंवा सूज आली तर डब्यातल्या नव्हे, दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि घरात कुणी बोळे ठेवून पडलेली दिसली, तर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे कृपा करून तिला विचारू नका. तुम्हीच मोजा.